फिजिक्स सोडून इकडे कसा काय?

थेट सेकंड इयरला येऊन बसलो तेव्हापासून हा प्रश्न मी कितीदा ऐकला असेल! बी.एस्सी. फिजिक्सची तीन वर्षं आणि मग कॉम्प्युटरचं दुसरं वर्ष. ही वाट नियमातच आहे. बारावीला गणित असलेला बी.एस्सी. पदवीधर डिप्लोमावाल्यांसारखाच येऊ शकतो. गंमत एवढीच की तुम्ही एफ.ई.ला शिव्या घालत सोडवलेले ग्राफिक्स आणि मेकॅनिक्स आम्हाला एस.ई.च्या विषयांसोबत काढावे लागतात. न्यूटन कोळून प्यायलेल्याला पुन्हा मेकॅनिक्स! असो.

'तीन वर्षं पाण्यात गेली की रे' असं काकांपासून बेंचवरच्या मित्रापर्यंत सगळे म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही.

आमच्या लॅबमध्ये व्हर्नियर हातात आला की आधी लीस्ट काउंट आणि झिरो एरर, आकडा नंतर. ही सवय इथे कुठे लागते? २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात धाहरानला अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेला येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही. २८ सैनिक मेले. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत होतं, पण ०.१ ही संख्या बायनरीत संपतच नाही. २४ बिटांत ती कापावी लागली. कापलेला तुकडा अगदी नगण्य. पण यंत्रणा सलग १०० तास चालली आणि चूक साचत साचत ०.३४ सेकंदांवर गेली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. प्रोग्राम कम्पाइल झाला होताच की! 'आउटपुट आला, चला सबमिशन' म्हणणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

पण म्हणून आमची आरती ओवाळायचंही कारण नाही. आमच्याकडे प्रोग्राम म्हणजे रुंगे-कुट्टाची एकच लांबलचक फाइल, व्हेरिएबल्स ए, बी, सी, आणि उत्तर जुळलं की काम संपलं. तो दुसऱ्या कुणाला वाचायचाय, सहा महिन्यांनी बदलायचाय, हे तिकडे कुणी सांगत नाही. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम हे सगळं आपोआप येत नाही, बसूनच करावं लागतं. वेबचा जनक टिम बर्नर्स-ली फिजिक्सचाच, हे उदाहरण आमचे लोक हमखास फेकतात. पण त्याची पदवी १९७६ ची आणि सर्नमधला वेबचा प्रस्ताव १९८९ चा. मधली कितीतरी वर्षं तो सॉफ्टवेअर लिहीत होता, हे सोयीने विसरतात.

खरी गोची प्लेसमेंटला होते. एका कंपनीच्या फॉर्मवर दहावी, बारावी, डिप्लोमा, बी.ई. असे रकाने होते. बी.एस्सी.ला रकानाच नाही! मग माझी ती तीन वर्षं सरळ 'गॅप'मध्ये. टी.पी.ओ. सरांना एवढीच विनंती, की यंदा यादी पाठवाल तेव्हा तिथे 'बी.एस्सी. फिजिक्स' असं लिहून पाठवा.