घड्याळांच्या देशाचा धडा

अमेरिकेने 2025 च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडच्या मालावर 39 टक्के जकात लादली आणि नोव्हेंबरमध्ये ती 15 टक्क्यांवर आणण्याचे मान्य केले. या घासाघिशीत ज्या स्विस धंद्यांचा जीव टांगणीला लागला, त्यांत घड्याळांचा धंदा अग्रभागी होता. जागतिक व्यापाराने आमचे उद्योजक बुडविले, सबब जकातीची भिंत उभारा, ही हाकाटी आज संपन्न राष्ट्रांतूनच उठत आहे. अशा वेळी याच धंद्याचा इतिहास तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

संरक्षणाचा प्रयोग या धंद्याने पूर्वीच करून पाहिलेला आहे. 1934 पासून स्विस सरकारने त्याच्याभोवती कायद्याचे कुंपण घातले. परवान्यावाचून कोणास नवा कारखाना काढता येईना. सुट्या भागांच्या निर्यातीवरही बंधने आली. मंदीने पोळलेल्या कामगारांस या कुंपणाचा आधार वाटला, यात नवल नाही. तथापि जे कुंपण जुन्या पेढ्यांना राखते, ते नव्या माणसाची वाटही अडविते. 1961 पासून ही बंधने सैल होऊ लागली. तोवर जपानी कारखानदार पुढे सरसावला होता.

क्वार्ट्झची विद्या स्विसांस अपरिचित होती असेही नाही. नूशातेल येथील त्यांच्या संशोधनशाळेने 1967 मध्येच क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ चालवून दाखविले होते. परंतु ते बाजारात प्रथम आणले जपानच्या सेइकोने, 1969 च्या नाताळच्या दिवशी. पुढे फ्रँकही महागला. 1970 च्या सुमारास या धंद्यावर सुमारे 90 हजार स्विस माणसे पोट भरीत होती. पंधरा वर्षांत ती निम्म्याहूनही कमी उरली.

मग धंदा तरला कशाने? 1983 मध्ये कर्जात रुतलेले दोन मोठे उद्योगसमूह एकत्र आले आणि त्याच वर्षी ‘स्वॉच’ बाजारात आले. नव्वदांहून अधिक भागांचे काम अवघ्या 51 भागांत भागविणारे, यंत्राने जुळविलेले हे स्वस्त घड्याळ भरमसाट मजुरीच्या स्वित्झर्लंडमध्येच बनले. अभियंत्यांच्या कल्पकतेस जोड मिळाली ती निकोलस हायेक यांच्या धडाडीची. आणि हे गृहस्थ मूळचे बैरूतचे! ज्या जगाने जपानी घड्याळ स्विसांच्या दारी आणले, त्याच जगाने हा माणूसही आणला. भिंत घालणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे.

परंतु मोकळ्या व्यापाराच्या भाटांनीही हुरळून जाऊ नये. स्वॉचच्या यशाने जुरा पर्वतातील सगळ्याच कारागिरांना गेलेले काम परत मिळाले नाही. उद्योजकाला दुसरा डाव मांडता येतो. पन्नाशीच्या कारागिराला तो क्वचितच मांडता येतो. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, सरकारने बुडत्या पेढीस जकातीचा टेकू देण्यापेक्षा तो पैसा त्या कारागिराच्या निर्वाहास आणि नव्या शिक्षणास लावावा. नव्या उद्योजकाची वाट तेवढी मोकळी ठेवावी. हे न करता बांधलेल्या भिंतीच्या आड केवळ जुनी घड्याळे टिकटिकत राहतील. काळ बाहेरून पुढे निघून जाईल.