जिवाला गोड लागत नाही

माझी नात परभणीतच शिकली, तेही पदवीपर्यंत मराठीतून. पुढे मानसशास्त्रात एम.ए. झाली आणि २०२५ मध्ये तिने क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.साठी अर्ज केला. नुसत्या एम.ए.वर रुग्ण तपासता येत नाहीत. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले दोन वर्षांचे प्रशिक्षण लागते, हे मला तेव्हाच कळले. त्यात यूजीसीने २०२२ मध्ये एम.फिल. बंद केलेले. या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत दिली होती, म्हणून घाई.

मुलाखत इंग्रजीत झाली. उत्तरे येत होती, पण जीभ अडखळली. निवड झाली नाही. घरी येऊन म्हणाली, "आबा, मला येत होतं हो!"

इंग्रजी नको असे मी म्हणत नाही. या विषयाचे ग्रंथ इंग्रजीत आहेत, ते वाचता आलेच पाहिजेत. पण आमच्याकडचा शेतकरी 'डिप्रेशन आलंय' असे म्हणत नाही. तो म्हणतो, "जिवाला गोड लागत नाही." बाई म्हणते, "डोक्यात भुंगा लागलाय." हे ज्याला कळते त्याला मुलाखतीत चार गुण जास्त का नसावेत? मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्या पाहून शासनाने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' काढला. २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा नंबरही आहे. पण फोन उचलणाऱ्याला पलीकडचे बोलणे उमगायला नको का?

हे सांगायचा मला अधिकार आहे का, कोण जाणे. पस्तीसेक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. दिवसभर खिडकीबाहेर बघत बसायचा. "सर, करमत नाही" एवढेच म्हणायचा. मी त्याला आळशी ठरवले, छड्या मारल्या. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. मीही चौकशी केली नाही. त्याचे ते दोन शब्द मराठीतच होते आणि मी मराठीचाच शिक्षक होतो! म्हणजे भाषा येऊनही भागत नाही, ऐकायचे शिक्षण लागते. आणि शिक्षण असून भाषा नसेल तरी भागत नाही.

नात आता नव्या अभ्यासक्रमांची माहिती काढते आहे. रोज संध्याकाळी मला समोर बसवून इंग्रजी बोलायचा सराव करते. मला निम्मे कळत नाही, पण मी ऐकतो. उशिरा का होईना, शिकतोय.