माहेर कोणत्या रकान्यात?



वस्तीत अर्ज भरायला बसलं की बाई हमखास विचारते, "ताई, नाव माहेरचं सांगू की सासरचं?" शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं. आपल्याकडे त्यामुळे खेपा वाढतात, एखादी योजना हुकते. आसामात याच गोंधळापायी बायांच्या नागरिकत्वावरच प्रश्नचिन्ह लागलं.

तिथे बेकायदा स्थलांतरित शोधण्यासाठी नागरिक नोंदवही नव्याने केली गेली. २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीपूर्वी आपण किंवा आपले आईबाप-आजोबा भारतात होते हे दाखवायचं, आणि त्यांच्याशी आपलं नातं कागदाने जोडायचं. नियम सर्वांना सारखाच. पण जी घरात जन्मली, शाळेत गेली नाही, जिचं जमिनीला नाव लागलं नाही आणि मताचा हक्क मिळण्याआधीच जिचं लग्न झालं, तिचं नाव पहिल्यांदा कागदावर येतं ते सासरच्या गावी, 'अमक्याची बायको' म्हणून. अर्ज मात्र विचारतो, 'मुलगी कोणाची?' नवऱ्याचे कागद तिथे चालत नाहीत.

अशा बायांसाठी ग्रामपंचायत सचिवाच्या दाखल्याची वाट ठेवली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने ती बंद केली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर पुन्हा उघडली. मधले नऊ महिने लाखो बायांनी कसे काढले असतील?

३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९,०६,६५७ माणसं वगळली गेली. त्यांत सीमेपलीकडून कोण आलं आणि केवळ कागदाअभावी कोण राहिलं, हे यादी सांगत नाही. परदेशी नसल्याचं सिद्ध करण्याचा भारही ज्याच्यावर संशय त्याच्यावरच. आणि जी खरोखरच सीमा ओलांडून आली, तीही बहुधा पोटासाठीच आली. तिलाही माणूस म्हणून हक्क आहेतच.

रकाने आभाळातून पडत नाहीत. टेबलाशी बसून ते कोणीतरी आखतं, आणि आखताना त्याच्या डोळ्यांपुढे शिकलेला, जमीनवाला पुरुष असतो. पण रकाने बदलताही येतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव घालणं महाराष्ट्राने सक्तीचं केलं. तो रकाना एका दिवसात मिळाला नाही. अनेकींनी वर्षानुवर्षं मागितला, तेव्हा मिळाला.

लेकीचा जन्म नोंदवा, तिला शाळेत घाला, सातबारावर तिचं नाव लावा, हे आपण शिक्षणासाठी, मालमत्तेसाठी सांगत आलो. आता कळतंय की तिचं या देशात असणंही त्यावरच अवलंबून आहे. म्हणून पुढच्या वेळी अर्ज भरताना केवळ भरू नका. हा रकाना कोणाला बाहेर ठेवतो, तेही विचारा.