काटक झाड कोणतें?

‘काटक रोपें मिळतील’ अशी पाटी रोपवाटिकेच्या दारावर पाहून पुष्कळ बागाईतदार निश्चिंत होतात. परंतु कोणतें संकट सोसण्याइतकें काटक, हें विचारणारे विरळा. आमच्या मतें हा प्रश्न न विचारल्यानेंच नव्या बागांत पैसा व श्रम वायां जातात.

थंड देशांत काटकपणा म्हणजे हिवाळा सोसण्याची शक्ति. अमेरिकेच्या कृषिखात्यानें १९६० सालीं प्रसिद्ध केलेला व २०२३ सालीं पुन्हां सुधारलेला नकाशा वर्षांतील नीचतम उष्णमानाच्या सरासरीवर आधारलेला आहे. मुंबईस हें माप फारसें उपयोगी नाहीं. सांताक्रूझ येथें जानेवारी १९६२ मध्यें उष्णमान ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलें, तीच तेथील थंडीची परिसीमा. येथें झाड थंडीनें मरत नाहीं. तें खारानें व कुजीनें मरतें.

वर्सोव्याचेंच उदाहरण घ्या. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस खाडी. पावसाळ्यांत दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. निचरा नसेल तेथें मुळांस हवा मिळत नाहीं व तीं कुजतात. मात्र तोच पाऊस पानांवरील खार धुऊन नेतो. पाऊस सरला कीं दुपारच्या समुद्रवाऱ्यानें पानांवर मीठ सांचूं लागतें, किनाऱ्यालगतच्या विहिरींचें पाणी उन्हाळ्यांत मचूळ होतें, आणि पानांच्या कडा करपतात. नारळ, उंडी, सुरू, भेंडी हीं झाडें हें सोसतात. गुलाब सोसत नाहीं. सुरूच्या दाट रांगेमागें मात्र तीच जागा पुष्कळ नाजूक झाडांस मानवते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यास हाच न्याय लागू आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. काटकपणा केवळ जातीवर अवलंबून नसतो. तो संगोपनावरही असतो. दाट सावलींत, रोज पाणी व भरपूर नत्रखत देऊन वाढविलेलें रोप हिरवेंगार दिसतें. पण त्याचीं पानें कोंवळीं व मुळें थोडीं असतात. उघड्या किनाऱ्यावर तें थोड्याच दिवसांत माना टाकतें, आणि आपण दोष जातीस देतों. रोपवाटिकावाले म्हणतात कीं, गिऱ्हाइकास हिरवेंगार रोपच हवें असतें. हें खोटें नाहीं, आणि तेवढ्यापुरता दोष आपलाच आहे.

म्हणून आमची सूचना अशी: रोप बुटकें, जाड खोडाचें व उन्हांत वाढलेलें घ्यावें. घरीं आणल्यावर दोन-तीन आठवडे सावली व पाणी हळूहळू कमी करीत जावें. निचरा नसेल तेथें उंचवट्यावर लागवड करावी. आणि समुद्राकडील आडोसा बागेच्या आधीं उभा करावा. कोणतें झाड किनाऱ्यापासून किती अंतरावर टिकलें, याची नोंद प्रत्येकानें ठेवून ती शेजाऱ्यास दाखवावी.

मेलेल्या कलमाची किंमत कदाचित् भरून येईल. त्यापायीं गेलेलीं पांच वर्षें परत मिळणार नाहींत.