ब्रासभर माती

दिवाळीची साधी पणती ४० ग्रॅमची धरली, तर एक लाख पणत्या म्हणजे ४ टन भाजलेली माती. कच्ची माती याहून जास्त लागते. चाकावर चढणाऱ्या गोळ्यात पाचवा-चौथा हिस्सा पाणीच असतं, ते सुकताना उडून जातं. पुढे आव्यातली आच पाचशे अंशांवर गेली की मातीच्या कणाकणात मुरलेलं पाणीही सुटतं आणि वजन आणखी घटतं. तडकलेला, वाकडा निघालेला माल वेगळाच. एका लाखाला ब्रासभराहून, म्हणजे १०० घनफुटांहून, जास्त माती हवी. धारावीच्या कुंभारवाड्यासारख्या वस्तीत दिवाळीच्या मोसमात लाख हा आकडा कुणाला मोठा वाटत नाही.

ही सगळी माती माणसाच्या हातापायांखालून जाते. ढेकळं फोडायची, चाळायची, भिजत घालायची, लीद आणि राख मिसळून तुडवायची. तुडवताना टाचेला खडा लागला की कुंभार थांबतो, वाकून तो उचलून फेकतो आणि पुन्हा तुडवू लागतो. चुनखडीचा एवढासा खडा आत राहिला, तर भाजलेल्या मडक्याचा नेमका तिथला टवका काही दिवसांनी उडतो. लीद आव्यात जळून जाते, मागे बारीक छिद्रं राहतात, आणि माठातलं पाणी पाझरून गार होतं ते त्यांच्यामुळे. माठ तर चाकावर पुरा होतही नाही. चाकावरून उतरतं ते जाड, बसकं भांडं. आतून दगडी गोळा धरून, बाहेरून लाकडी थापीने ठोकत ठोकत त्याचं पोट वाढवत न्यायचं. ऐकत बसावं असा तो आवाज असतो, आणि संध्याकाळपर्यंत खांदा भरून आणणारा.

आपण मात्र फिरत्या चाकाचे फोटो काढतो आणि कलेचं कौतुक करून घरी येतो. कौतुक खरंच असतं. पण कुंभाराची खरी अडचण ब्रासात मोजायची आहे. पूर्वी तळं आटलं की गाळाची चिकण माती गाड्या भरून आणायची आणि पावसाळ्यापूर्वी अंगणात ढीग लावून ठेवायचा, अशी रीत होती. आता शहरांजवळच्या कित्येक तळ्यांवर प्लॉट पडले. राज्यात परंपरागत कुंभारांना ठरावीक ब्रासपर्यंत स्वामित्वधन माफ आहे, ते चांगलंच आहे. पण माफी खोदायची कुठे? ट्रकने विकत आणलेल्या मातीचं भाडं पणतीच्या भावात निघत नाही.

२०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. उन्हाळ्यात तलावांतला गाळ उपसून शेतात जातो. शेतकऱ्याला तो मिळालाच पाहिजे. कुंभारही त्याच दिवसांत माती शोधत असतो, आणि त्याला लागते ती शेताच्या मानाने मूठभर. जेसीबी तलावात उतरण्याआधी गावातल्या कुंभाराला बोलवावं. चिकण गाळ कुठे आहे ते तो बोटांत चोळून सांगेल. तेवढा भाग त्याच्यासाठी राखावा, आणि पहिल्या चार खेपा त्याच्या अंगणात टाकाव्यात. ग्रामसभेत हा एवढा ठराव घ्यायला कुणाची हरकत असेल, असं मला वाटत नाही.