ठोसा कोणी पाहावा : रिंगणालगतच्या पंचाने की कॅमेऱ्याने?

सोल, २ ऑक्टोबर १९८८. ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सने यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनला तीन फेऱ्या झोडपून काढले. मोजलेले ठोसे : जोन्स ८६, पार्क ३२. निकाल ३-२, पार्कच्या बाजूने! स्पर्धेतील सर्वोत्तम मुष्टियोद्ध्याचा करंडक मात्र जोन्सलाच मिळाला. याला काय म्हणावे?

आता सुचवले जाते, की पंचांना रिंगणापासून दूर, बंद खोलीत बसवावे आणि कॅमेऱ्यांवर लढत पाहून गुण द्यायला लावावेत. सूचना टाकाऊ नाही. रिंगणालगतच्या पंचाला पुष्कळदा खेळाडूची पाठच दिसते. ठोसा लागला की हातमोज्यावर अडला, हे त्याला ताडावे लागते. त्यात यजमान प्रेक्षकांचा गदारोळ. खोलीत तो आवाज नाही आणि पाहण्याचे कोनही अनेक.

परंतु सोलच्या त्या तीन पंचांना दिसलेच नव्हते, असे कोण म्हणेल?

सोलनंतर यंत्राचा प्रयोग झालाच. १९९२च्या बार्सिलोनापासून पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदात कळ दाबली तरच गुण. पोटावरचे ठोसे, वेगवान ठोशांची मालिका यांची नोंद धड होईना. मग खेळाडू डोक्यावर एकेक ठसठशीत ठोसा मारून मागे सरकू लागले. खेळाचे रूपच पालटले. २०१३मध्ये ही पद्धत मोडीत निघाली. २०१६ला रिओत आयर्लंडच्या मायकेल कॉनलनच्या पराभवावरून पुन्हा वणवा पेटला, आणि २०२१च्या मॅक्लारेन अहवालाने निकाल फिरवणारी यंत्रणाच उघडी पाडली. तिथे दोष नजरेचा नव्हता.

आम्हा पनवेलकरांना हे कुस्तीवरून चटकन उमगावे. जत्रेतल्या निकाली कुस्तीत पाठ मातीला लागली, की सारे मैदानच साक्षीदार. प्रश्न गुणांपाशी सुरू होतो. २०२३च्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत टांग डावाला चार गुण मिळाले. लोकांनी चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली, एकमत काही झाले नाही. २०२५ला अहिल्यानगरात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध आपले खांदे टेकलेच नव्हते, असे शिवराज राक्षेचे म्हणणे होते. त्याने पंचाला लाथ मारली, तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. त्या लाथेचे समर्थन नाही. पण कॅमेरे असूनही शंका फिटली नाही, हे विसरू नये.

म्हणून माझे मत असे : पाचपैकी तिघांना खोलीत बसवा, दोघांना रिंगणालगतच ठेवा. ठोशाचे वजन आणि गुडघ्यांतला कंप पडद्यावर सपाट होतो. मात्र प्रत्येक फेरीनंतर प्रत्येक पंचाचे गुण नावानिशी जाहीर व्हावेत, आणि त्याने पाहिलेल्या चित्रफिती लढत संपताच सर्वांना खुल्या व्हाव्यात. हे होणार नसेल, तर बंद खोली नकोच. रिंगणालगतच्या पंचावर निदान हजारो डोळे रोखलेले असतात. खोलीत त्याच्या कानाशी कोण लागले, हे कोणाला कळणार?

२०२३मध्ये पार्क स्वतः अमेरिकेत गेला आणि ते सुवर्णपदक त्याने जोन्सच्या हाती ठेवले. ऑलिंपिकच्या दप्तरी विजेता आजही पार्कच आहे.