न दिसणाऱ्या दुखण्याची साक्ष कोण देणार?

गेल्या पावसाळ्यांत धानाच्या रोवणीच्या दिवसांत आम्ही पूर्व विदर्भांतील एका खेड्यांत चार दिवस मुक्कामास होतों. बांधींत गुडघाभर चिखल, वरून पाऊस, आणि ओळीनें वांकलेल्या पंधरा-वीस बाया. काम गुत्त्याचें. एकरामागें पैसे ठरलेले, ते सर्वांनीं वांटून घ्यावयाचे. अशा कामांत एक बाई बसली कीं तिचा भार बाकीच्यांच्या कंबरेवर पडतो. त्या टोळींतील एक अठरा-एकोणीस वर्षांची पोर तिसऱ्या प्रहरीं धुऱ्यावर जाऊन बसली ती उठेचना. अंगावर जखम नाहीं, ताप नाहीं, हातपाय धडधाकट. "हाडं फुटून राहिले वो माय," एवढेंच ती म्हणे. मुकादम म्हणाला, "मजुरी घ्याच्या दिवशी मात्र बरी राह्यते हे!" बाया हंसल्या. आणि लपवून काय करावयाचें, आम्हांसही मनांतून तेंच वाटलें. लोकांस जागें करण्याच्या गोष्टी सांगणारे आम्ही. पण डोळ्यांना दिसत नाहीं तें नसतेंच, असें मानण्यांत त्या मुकादमाहून आम्ही रतिभरही शहाणे नव्हतों.

रात्रीं तिच्या ओरडण्यानें सारी आळी जागी झाली. ऑटो मिळवून तिला एका सरकारी दवाखान्यांत नेलें. तेथील रात्रपाळीच्या डॉक्टरसाहेबांनीं नाडी पाहिली, ताप पाहिला, आणि बापास विचारलें, "घरांत कांहीं भांडण झालें काय? लग्नाबिग्नाचें?" एक गोळी देऊन परत पाठविलें. दुसऱ्या दिवशीं जिल्ह्याच्या ठिकाणीं न्यावें लागलें. तेथें रक्ताची तपासणी झाली तेव्हां कळलें कीं ही पोर जन्मापासून सिकलसेलची रोगी आहे. जन्मापासून! इतक्या वर्षांत तिनें असे किती फेरे सोसले, आणि कामचुकार म्हणून किती वेळां मार खाल्ला, ह्याचा हिशेब कोणत्या दप्तरांत सांपडणार?

हा रोग काय आहे तें साध्या भाषेंत सांगूं. माणसाच्या रक्तांतील तांबड्या पेशी गोल, चपट्या आणि मऊ असतात. बारीकांतल्या बारीक नळींतून त्या अंग चोरून निघून जातात. पेशींत प्राणवायु वाहून नेणारा जो पदार्थ असतो त्याला हिमोग्लोबिन म्हणतात. ह्या रोग्यांचें हिमोग्लोबिन किंचित् निराळें असतें. प्राणवायु कमी पडला कीं त्याचे आंतल्या आंत दोर वळले जातात आणि पेशी आपल्या धान कापण्याच्या विळ्यासारखी वांकडी व ताठ होते. इंग्रजींत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हें नांव. पाटांत काटक्या आडव्या पडून पाणी तुंबावें तसें रक्त तुंबतें, आणि जेथें तें पोंचत नाहीं तेथें कळ उठते. हाडांत, छातींत, पोटांत, पाठींत. चांगली पेशी १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांतच मरते. म्हणून अंगांत रक्त टिकत नाहीं, डोळे पिवळे दिसतात, तान्हेपणीं हातापायांचीं बोटें सुजतात, पानथरी वाढते, आणि पुढें कित्येकांच्या खुब्याचें हाडच मरतें.

ही कळ केव्हां उठते? थंडीनें, तहानेनें, अतिश्रमानें, तापानें. आतां वाचकांनींच पाहावें. आषाढ-श्रावणांतील रोवणीचें गार पाणी, आणि वैशाखाच्या उन्हांत घशाला कोरड पडेपर्यंत चालणारी तेंदूपानाची तोडणी! ज्या कामांवर ह्या माणसांचें पोट चालतें, तींच कामें त्यांच्या रक्ताला विळे बनवितात. आणि फेरा संपला कीं तीच पोर हंडा भरून आणते, लग्नांत नाचते. मग लोक म्हणतात, काल मरत होती आणि आज नाचते, तेव्हां कालचें सोंगच! काल खरोखर मरत होती आणि आज खरोखर बरी आहे, हें कोणाच्याच डोक्यांत शिरत नाहीं.

शिकागोच्या डॉक्टर हेरिक यांनीं १९१० सालीं अशा पेशींचें वर्णन प्रथम छापलें. त्यांचा रोगी ग्रेनाडा बेटाहून आलेला एक काळा विद्यार्थी होता. १९४९ सालीं पाउलिंग व त्यांच्या सोबत्यांनीं दोष हिमोग्लोबिनांत आहे हें दाखविलें, आणि १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींत हा दोष सांपडल्याचें प्रसिद्ध झालें. म्हणजे ही माहिती आपल्या देशांत येऊन सत्तर वर्षें होऊन गेलीं. मुकादमाचें सोडा, पण रात्रपाळीच्या डॉक्टराच्या तोंडीं लग्नाआधीं रक्त कां येऊं नये?

आमच्या महाराष्ट्रांत हा दोष गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा ह्या आदिवासींत आहे. तसाच विदर्भांतील बौद्ध समाजांत आणि कुणबी-तेल्यांसारख्या जातींतही आहे. कोणी म्हणेल, हें त्या जातींच्या पूर्वजन्मींचें फळ. असलें फळ वांटणाऱ्या दुकानदारांस आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्याच्या रक्तांत ह्या दोषाचा एकच अंश असतो त्याला मारक हिंवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळतें. रानावनांत, हिंवतापाच्या मुलखांत ज्यांच्या पिढ्या तगल्या त्यांच्यांत हा अंश टिकून राहिला. ही पापाची खूण नव्हे, जगण्याची खूण आहे. मात्र तो अंश आई आणि बाप दोघांकडून आला तर लेकराच्या वांट्याला रोग येतो.

एक अंश असलेल्यास वाहक म्हणतात. वाहक हा रोगी नव्हे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणीं चारांत एक संभव मूल रोगी होण्याचा, दोन संभव वाहक होण्याचे आणि एक संभव मूल अगदीं निर्दोष होण्याचा. इतका सरळ हिशेब असतां मूल आजारी निघालें कीं आमच्या घरांत कोणाची झडती होते? सुनेची. ती पांढऱ्या पायाची! मुलाचे डोळे पिवळे दिसले कीं काविळीची माळ, अंग दुखलें कीं भगताचा अंगारा, आणि त्यानेंही उतरलें नाहीं कीं कोंबडा. कोंबड्याचे पैसे निघतात, पण रक्त तपासून घ्यावयाचें म्हटलें तर बस चुकते. लग्न ठरवितांना पत्रिकेचीं घरें मोजणारे वरपिते दोघांचें रक्त तपासावयाला तयार नसतात. आणि जेथें तपासणी होते तेथें पोरीचें कार्ड मागतात, पोराचें नाहीं. वाहक पोरीचें लग्न निर्दोष रक्ताच्या मुलाशीं झालें तर रोगी मूल होण्याचें भय नाहीं, हें त्यांस ऐकावयाचेंच नसतें.

पण आमचा मुख्य मुद्दा निराळाच आहे. ताप मोजावयाला थर्मामीटर आहे. कळ मोजावयाला कोणतेंही यंत्र नाहीं. रोगी सांगेल तेंच तिचें माप. आणि येथेंच सारें अडतें. कारण गरिबाच्या तोंडच्या शब्दाला पुरावा मानण्याची ह्या देशांत चालच नाहीं. सावकाराची वही खरी आणि कुळाचें तोंड खोटें, हा जो जुना न्याय, तोच दवाखान्यांत, शाळेंत आणि बांधावर चालतो. बंगल्यांतील बाईसाहेबांची अर्धशिशी कोणीं पाहिली आहे काय? तरी सारें घर पावलें न वाजवितां चालतें. तीच कळ मजुरणीच्या हाडांत उठली कीं तिला नाटक म्हणतात. दुखणें दोघींचेंही अदृश्यच. एकीचें मानलें जातें, दुसरीस साक्षीदार आणावा लागतो. शाळेंत महिन्यांतून चार दिवस न येणाऱ्या पोरास मास्तर उनाड ठरवितो, आणि ह्याच नांवाखालीं तो पोर शाळेंतून कायमचा नाहींसा होतो. मास्तरांविषयीं आमचा राग नाहीं. त्यांस कोणीं सांगितलें होतें?

आतां कायद्याकडे वळूं. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला व १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. जुन्या १९९५ च्या कायद्यांत सात प्रकार होते. नव्यांत २१ झाले आणि त्यांत सिकलसेल, थॅलॅसेमिया व हिमोफिलिया हे रक्ताचे तीन विकार आले. ही गोष्ट चांगली झाली, तिचें श्रेय आम्ही देतों. पण त्याच कायद्याचें ३४ वें कलम वाचा. सरकारी नोकऱ्यांत जें शेंकडा चार आरक्षण ठेविलें आहे, त्याच्या यादींत आंधळे आहेत, बहिरे आहेत, हातापायांनीं अधू आहेत, मानसिक आजाराचे लोक आहेत. रक्ताच्या रोगाचे मात्र नाहींत. उच्च शिक्षणांतील शेंकडा पांच जागांत शेंकडा चाळीस अपंगत्वाचा दाखला असलेल्यास हक्क, आणि तोच मुलगा पदवी घेऊन नोकरीच्या दारांत आला कीं हक्क संपला! ज्याला बांधींत उतरणें जिवावरचें, त्याला टेबलाशीं बसून करावयाच्या कामाची सर्वांहून अधिक गरज. त्यालाच तेथून वगळलें आहे. ह्या भागांतील आमदार-खासदारांनीं ह्या कलमावर तोंड उघडावें, अशी आमची उघड मागणी आहे.

केंद्र सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत रोग नाहींसा करावयाचा, आणि त्यासाठीं आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांचें रक्त तपासावयाचें, असा संकल्प. तपासणी हवीच. परंतु हा निर्मूलन शब्द आमच्या घशाखालीं उतरत नाहीं. पुढें जन्मणाऱ्या लेकरांस रोग होऊं नये ही काळजी झाली. आज जे रोग घेऊन जगत आहेत त्यांचें काय? तपासणीचा आंकडा छापला जातो. कार्ड हातीं देतांना समोर बसून दोन शब्द कोणीं समजावून सांगितले काय, हें कोणी छापीत नाहीं. हायड्रॉक्सियुरिया ह्या औषधानें कळेचे फेरे कमी होतात. पण तें रोज घ्यावें लागतें, आणि मधून मधून रक्त तपासावें लागतें. म्हणजे औषध फुकट मिळालें तरी बसभाडें आणि बुडालेली मजुरी रोग्याच्या पदरची. गोळी गांवाजवळच्या आरोग्यकेंद्रांत न चुकतां मिळाली तर मोहिमेला अर्थ आहे.

ती पोर आतां रोजची गोळी घेते. पाण्याची बाटली जवळ ठेवते आणि थंडीवाऱ्यांत अंगभर कपडे घालते. ह्या वर्षीं ती टोळींत आहे. गेल्या खेपेस हंसलेल्या बायांनींच ठरविलें कीं हिनें चिखलांत उतरूं नये, धुऱ्यावर बसून पऱ्ह्याच्या पेंढ्या बांधून द्याव्या. गुत्त्याच्या पैशांत तिला पुरा वांटा द्यावयाचा कीं पाऊण, ह्यावर मात्र बायांत अजून वाद चालू आहे. आम्ही पुऱ्या वांट्याच्या बाजूचे आहोंत, आणि तसें मुकादमाच्या तोंडावर सांगून आलों आहोंत.